पक्षाघाताच्या रुग्णाची शुश्रूषा करताना आधी कशाकडे लक्ष द्यावे?

एकाच वेळी अनेक कामे समोर असताना पक्षाघाताच्या रुग्णाचे आधी काय पाहावे, असे सोलापुरातील एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीने विचारले आहे. पहिला मान श्वासमार्गाचा, श्वासाचा आणि शुद्धीचा. लगोलग रक्तातील साखर तपासावी, कारण साखर उतरली तरी पक्षाघातासारखीच लक्षणे दिसू शकतात. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ नातेवाइकांना विचारून केसपेपरवर ठळक लिहावी. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे औषध त्या वेळेपासून साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावर. ते दिल्यानंतर पहिले दोन तास दर 15 मिनिटांनी रक्तदाब मोजावा लागतो.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते गिळण्याच्या तपासणीकडे. अक्कलकोट किंवा बार्शीहून आलेले नातेवाईक मायेपोटी दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी भरवू लागतात; परंतु पूर्ण शुद्धीवर असलेल्या रुग्णाला नीट बसवून, चमचाभर पाणी देऊन, ठसका लागतो का, आवाज घोगरा वा ओलसर होतो का, हे पाहिल्याशिवाय तोंडावाटे काहीही, अगदी गोळीसुद्धा, देऊ नये, कारण घास श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. (सोलापूरच्या उन्हाळ्यात ‘निदान घोटभर पाणी तरी पाजू द्या’ हा आग्रह मोडणे सोपे नसते, तेव्हा सलाईनकडे बोट दाखवावे.)

त्यानंतर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, आणि उचलताना लुळा हात कधीही ओढू नये, कारण त्या बाजूचा सैल पडलेला खांदा सहज निखळतो.