बिनबियांच्या काकडीला जीए द्यावा का?

प्रश्न (निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदार): 10 गुंठ्यांच्या पॉलीहाऊसमध्ये बिनबियांची काकडी लावली आहे. द्राक्षाला देतो तसा हिलाही जीए (जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक) द्यावा का? काही फळे टोकाला फुगली आणि आत बिया निघाल्या. बियाणे फसवे आहे का? ही काकडी जीएम (प्रयोगशाळेत जनुकबदल केलेली) असते का?

उत्तर : जीए अजिबात मारू नका. द्राक्ष आणि ही काकडी दोन्ही बिनबियांची असली, तरी दोघींची रीत वेगळी. थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षात परागीभवन होते, बी धरायला लागते आणि कोवळेपणीच खुरटते. मण्याला जिबरेलिन पुरवणारे बीच अर्ध्यावर थांबते, म्हणून आपण घड जीएत बुडवतो. तुमच्या काकडीला परागकण लागतच नाहीत. साध्या काकडीत फळ वाढवण्याचा इशारा परागीभवनातून आणि वाढत्या बियांकडून मिळतो. इथे मादी फुलाखालच्या कोवळ्या काकडीतच ऑक्झिन, सायटोकायनिन आणि जिबरेलिन ही वाढीची संप्रेरके पुरेशी तयार होतात, पेशी वाढू लागतात आणि फळ धरते. नोल या जर्मन शास्त्रज्ञाने 1902 मध्ये काकडीतच हे दाखवून दिले होते. हा गुण एका जनुकाचा नाही, अनेकांचा मिळून आहे. म्हणून वाणागणिक आणि हवामानाप्रमाणे फळधारणा कमीजास्त होते.

जीएचा खरा धोका पुढे आहे. काकडीत मादी फुले आणते ते इथिलीन, हे वायुरूप संप्रेरक. सगळी मादी फुलेच देणाऱ्या वाणांत इथिलीन बनवणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत असते. जिबरेलिन याच्या उलट, ते नर फुले आणते. बीजोत्पादनात अशा मादी वेलींवर मुद्दाम नर फुले आणण्यासाठी जीए किंवा चांदीचे क्षार फवारतात. तुम्ही तेच केलेत तर पॉलीहाऊसमध्ये परागकण तुम्हीच आणल्यासारखे होईल.

तुमची टोकाला फुगलेली फळे बहुधा परागकणांमुळेच झाली आहेत. एक फळ उभे चिरा. फुगलेल्या भागात टणक, भरलेल्या बिया दिसल्या, तर मधमाशी आत शिरली असे समजा. बांधावर किंवा शेजारी देशी काकडी आहे का ते पाहा. इन्सेक्ट नेटची फाटकी जागा शिवा, दार दुहेरी ठेवा, वेलीवर नर फूल दिसले की खुडा. एवढ्यावरून बियाण्याला दोष देऊ नका. बियांच्या पांढऱ्या, मऊ, पोकळ साली तर प्रत्येक फळात असतात, त्यांची काळजी नको.

फळ वाकडे आहे आणि आत बी नाही, तर कारण वेगळे : पाण्याची ओढ किंवा वेलीवर फळांचा जादा भार. बुंध्यापासून फूट-दीड फुटापर्यंतची फळे लहानपणीच काढली, तर वेल आधी अंग धरते. नव्या बागायतदारांच्या जिवावर येते, पण हे जरूर करा.

जीएमबद्दल : नाही. हा गुण काकडीचा स्वतःचाच, निवड आणि संकरातून वाणांत आणलेला. आपल्या दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेनेही असा वाण दिला आहे.

शेवटची एक विनंती. तणनाशक 2,4-डी मारलेला पंप काकडीला वापरू नका. तेही ऑक्झिनच्याच जातीचे असते, आणि काकडीची पाने त्याच्या अंशानेही आकसतात.