आठव्या महिन्यातली वेचणी

किलोवर मजुरी, त्यामुळे आठवा लागला तरी वेचणी सुटत नाही, ठाऊक आहे बाई. पण कापसाची ओटी आता पोटावर बांधू नको. खांद्याला झोळी अडकव, दोन-तीन किलो झाले की धुऱ्यावर रिकामी कर. गठ्ठा दुसरं कोणी उचलेल, त्यात लाज कसली! उंच पऱ्हाटीची ओळ मागून घे, वाकणं कमी होतं. ताज्या फवारलेल्या वावरात मात्र पाय ठेवू नको, मालक कितीही बोलो. दुपारी निंबाखाली डाव्या कुशीवर पड. आशाताईने दिलेली लोहाची गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घे. डोकं ठणकलं, अंधारी आली, तोंड सुजलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर काट्यावर माप व्हायची वाट पाहू नको. १०२ ला फोन लाव, गाडी फुकट असते.