घर आपलं, जमीन दुसऱ्याची

"मला एका घराबद्दल बोलायचंय," असं म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या त्या बाई आधी दार नीट लागलंय का ते बघून आल्या. वय ४७, माहेर कराडजवळ, गेली १९ वर्षं कॅलिफोर्नियात. दीड वर्षापूर्वी घटस्फोट झाला. घर नवऱ्याकडे राहिलं, वाटणीचे पैसे यांच्या खात्यात आले. तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन त्या महिना ३,४०० डॉलर भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांच्या मनात होतं ते घर सॅन होजेमधल्या एका मोबाइल होम पार्कमध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून आणलेल्या घरांच्या वसाहतीत होतं. दोन बेडरूम, दारात लिंबाचं झाड. वाटणीचे पैसे घालून बाकीचं कर्ज काढलं, तरी हप्ता, जागेचं भाडं, विमा, कर सगळं मिळून आताच्या भाड्यापेक्षा ४०० डॉलर कमीच जात होते. "पण ताई, लोक त्याला ट्रेलर पार्क म्हणतात," त्या म्हणाल्या. 'ट्रेलर' हा शब्द त्यांनी इतका हळू उच्चारला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

ही काळजी घेऊन येणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजेच्या पट्ट्यात, घरांच्या किमती अशा आहेत की चांगला पगार असलेल्या माणसालाही एकट्याच्या बळावर घर घेणं जमत नाही. मी विचारलं, "तुम्हाला हे घर नकोय, की हा पत्ता नकोय?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग रडल्या. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणी "सध्या कुठे राहता?" असं विचारलं की त्या विषय बदलत. मोडलेल्या संसारावर आता पत्र्याच्या घराचा शिक्का नको, एवढंच त्यांना वाटत होतं. ती लाज खोटी नव्हती, त्यामुळे "लोकांचं काय मनावर घेता" असं मी म्हणाले नाही. दोन भेटी आम्ही त्या लाजेवरच बोललो. तरीही दुसरी एक गोष्ट मला जास्त खटकत होती. "आपलं घर, आपलं घर" हे त्यांच्या तोंडून सारखं येत होतं. घटस्फोटानंतर माणसाला पायाखाली काहीतरी घट्ट हवं असतं आणि त्या घाईत कागद वाचायचे राहून जातात.

नेमका प्रश्न विचारला तो त्यांच्या आईनं, कराडहून, व्हिडिओ कॉलवर. "घर तुझं, ते कळलं. जमीन कुणाची? सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

सगळी मेख तिथेच होती. बहुतेक पार्कांमध्ये घर राहणाऱ्याचं आणि जमीन मालकाची असते. मी स्वतः गिरगावात पागडीच्या खोलीत वाढले, खोली दुसऱ्याला द्यायची तर घरमालकाची संमती लागते हे लहानपणापासून पाहिलेलं. इथेही घर विकताना नवा माणूस पार्कच्या व्यवस्थापनाला मान्य असावा लागतो. आणि 'मोबाइल' हे फक्त नावापुरतं. घर कारखान्यात बनतं, लोखंडी सांगाड्यावरून ओढत आणतात, एकदा बसवलं की ते सहसा हलत नाही. हलवायचा खर्च मोठा, आणि जुनं घर दुसरा पार्क घेईलच असं नाही. म्हणून भाडं वाढलं की घर उचलून चालू लागता येत नाही.

मग त्यांनी कागद मागवले. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं जागेचं भाडं वाढवण्याआधी ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय रहिवाशाला काढता येत नाही. सॅन होजेच्या भाडेनियमात वर्षाची नेहमीची वाढ ७ टक्क्यांच्या वर जात नाही. शेजारच्या गावात नियम वेगळा असू शकतो, म्हणून गाव बघून चौकशी करायची. घर कधी बांधलं तेही महत्त्वाचं. १५ जून १९७६ पासून अमेरिकेत अशा घरांना केंद्र सरकारचे बांधकाम नियम लागू झाले, त्याआधीच्या घरांना विमा आणि कर्ज मिळवताना त्रास होतो. यांचं १९८९ चं निघालं.

पार्कच बंद झाला तर? ती भीती मी झटकून टाकली नाही. पालो आल्टोच्या बुएना व्हिस्टा पार्कमध्ये मालकानं २०१२ मध्ये बंद करायची प्रक्रिया सुरू केली, सुमारे ४०० माणसं काही वर्षं टांगणीला लागली. २०१७ मध्ये काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, गृहनिर्माण प्राधिकरणानं तो पार्क विकत घेतला तेव्हा ती माणसं तिथंच राहू शकली. प्रत्येक ठिकाणी असं कुणी धावून येतंच असं नाही.

घ्या किंवा घेऊ नका, हे मी सांगितलं नाही. एवढंच सुचवलं, की मुलीला घेऊन एका संध्याकाळी तिथं जा, डबा तिथंच खा, दिवे लागल्यावर निघा. त्या तीनदा गेल्या, एकदा भर पावसात. एका व्हिएतनामी आजींनी पाच वर्षांच्या भाड्याच्या पावत्या काढून दाखवल्या. मुलीला लिंबाचं झाड आवडलं, पण शाळेतल्या मैत्रिणींना पत्ता सांगायचा नाही असं तिनं आईकडून कबूल करून घेतलं. त्या अटीवर आमची आणखी एक भेट झाली, मुलीसकट. अट अजून तशीच आहे आणि मला वाटतं तिला तेवढा वेळ द्यायला हवा.

तपासणी करणाऱ्यानं भूकंपाचे आधार नवे घालायला सांगितले. तो खर्च विकणाऱ्यानं किमतीतून वजा केला आणि मार्चमध्ये त्या राहायला गेल्या.

आईनं फोनवर सगळं घर बघितलं, ओटा, न्हाणीघर, लिंबाचं झाड. मग म्हणाली, "आता खालनं दाव." यांनी अंगणात गुडघे टेकले, भोवतीचं झाकण सरकवलं आणि फोन आत धरला. टॉर्चच्या उजेडात रांगेनं लोखंडी टेकू दिसले.

"आपली कणगी पण दगडावरच असती की," आई म्हणाली. "ओल लागत न्हाई."