उत्तर आलंच नाही तर?

लेखी परीक्षा पार केलेली मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा चिंता बहुधा एकच असते: "पॅनेलनं विचारलं आणि उत्तर आलंच नाही तर?" बडोद्याला तेल-वायूच्या नोकऱ्यांचं आकर्षण जुनं, त्यामुळे त्यांत जिओफिजिक्सवालेही (मोजमापांवरून जमिनीखालचं ओळखणारे) असतात.

दांडिया बाजारातली ही मुलगी (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्टची, म्हणजे सरकारी भूवैज्ञानिक पदांची, लेखी पास झालेली. २०० गुणांची मुलाखत उरली होती. त्याआधी एका खासगी कंपनीत तिला कॅम्बे बेसिनमधल्या (गुजरातचं तेल-वायूचं खोरं) डेक्कन ट्रॅपबद्दल, म्हणजे जुन्या लाव्हाच्या खडकाबद्दल, विचारलं आणि ती गप्प बसली.

"येत होतं हो सर. पण शंभर टक्के खात्री नव्हती."

मी म्हटलं, ते राहू दे. ग्रॅव्हिटी, म्हणजे गुरुत्वाकर्षण, मोजून जमिनीखालचं कसं कळतं, ते मला समजेल असं सांग. तिनं कागद ओढला, आलेख काढला.

"हा उंचवटा खोलवरच्या जड खडकामुळे येतो. किंवा वर पसरलेल्या थरामुळेही येऊ शकतो. नुसत्या ग्रॅव्हिटीवरून ठरत नाही."

"मग काय करता?"

"दोन्ही मॉडेलं मांडायची, गृहीतकं लिहायची. सिस्मिक (जमिनीत सोडलेल्या लहरींची) किंवा बोअरहोलची माहिती मिळाली की एखादं बाद होतं."

"म्हणजे खडकाच्या बाबतीत दोन शक्यता चालतात. तुला स्वतःला मात्र एकच उत्तर हवं, तेही पक्कं?"

बराच वेळ ती आलेखाकडेच बघत होती. मग हसली. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचाराचा माणूस. "आलंच पाहिजे" हा हट्ट सुटला की भीती उतरते, हे एरवी समजावून सांगावं लागतं. इथे तिच्याच विषयानं ते काम केलं. तो प्रश्न नेमका त्या क्षणी सुचला, याचं समाधान आहेच.

पुढे सराव केला तो मोठ्यानं विचार करण्याचा. टू-वे टाइम (लहर खाली जाऊन परत यायचा वेळ) २ सेकंद, सरासरी वेग सेकंदाला २५०० मीटर, तर खोली २५०० मीटर. पण वेग गृहीत धरलेला आहे, हे आधी सांगायचं. ट्रॅपच्या माथ्यावरूनच बरीच ऊर्जा परत फिरते म्हणून खालचं चित्र धूसर येतं, एवढं येत असेल तर तेवढं बोलायचं. पुढचं येत नसेल तर कोणता डेटा मागवाल ते सांगायचं. आपल्या प्रबंधातला सगळ्यात कच्चा दुवा आधी स्वतः शोधून ठेवायचा, कारण पॅनेल तिथेच बोट ठेवतं. कपड्यांबद्दल यूट्यूबवर पुरेसं आहे. आईवडिलांनी आदल्या रात्री "सगळं वाचलंस ना?" एवढं विचारू नये.

ती दिल्लीला जाऊन आली. दोन प्रश्नांना सरळ "माहीत नाही" म्हणाली. तिच्या एका गृहीतकावर एका सदस्यानं शंका घेतली आणि उरलेली बरीचशी मुलाखत त्यावरच झाली म्हणे.