पटावरच्या शंका : 'कर्स्ड!' जोडल्यावर

'स्मॉल वर्ल्ड' हा फिलिप केयार्ट्सचा पटावरचा खेळ २००९ मध्ये डेज ऑफ वंडरने आणला आणि त्याच वर्षी त्याला 'कर्स्ड!' हे छोटं एक्सपान्शनही, म्हणजे मूळ खेळात मिसळायचा जोडसंचही, आलं. खेळात एक वंश आणि एक शक्ती यांची जोडी घेऊन तिच्या टोकनांनी प्रदेश जिंकायचे आणि दर खेपेला प्रदेशामागे एक नाणं कमवायचं. या अंकासाठी आलेले प्रश्न बहुतेक त्याबद्दलच आहेत.

प्रश्न : मूळ खेळ आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलाय. 'कर्स्ड!'मधलं सगळं एकदम मिसळावं, की थोडं थोडं?

एकदम मिसळा. त्यात गॉब्लिन आणि कोबोल्ड हे दोन वंश आणि कर्स्ड, हॉर्ड्स ऑफ, मरॉडिंग, रॅनसॅकिंग, वेअर या पाच शक्ती, एवढंच आहे. मुळातले १४ वंश आणि २० शक्ती धरून वंशांच्या १६ पट्ट्या आणि शक्तींचे २५ बिल्ले होतात. बोर्ड, फासा, नाणी सगळं तेच राहतं.

एक काळजी मात्र घ्या. तुमचा जुना संच खूप खेळलेला असेल, तर जुन्या बिल्ल्यांच्या कडा मऊ झालेल्या असतात आणि नवे करकरीत राहतात. गड्डीकडे पाहूनच कळतं की पुढचा बिल्ला नवा आहे. मग वरची जोडी आत्ता उचलायची की पुढच्या खेपेपर्यंत थांबायचं, हा अंदाज फुकटात मिळतो. पट्ट्या एका कापडी पिशवीत आणि बिल्ले दुसरीत ठेवा, आणि लागेल तेव्हा न बघता एकेक काढा.

प्रश्न : 'कर्स्ड' शक्तीचा उपयोगच काय? आमच्याकडे ती कुणी घेत नाही.

लढाईत तिचा काहीच फायदा नाही, हे बरोबर. तिची सगळी करामत निवडीसाठी मांडलेल्या सहा जोड्यांच्या रांगेत आहे. एरवी वरची जोडी ओलांडून खालची घ्यायची, तर ओलांडलेल्या प्रत्येक जोडीवर १ नाणं ठेवावं लागतं. 'कर्स्ड' ओलांडायची, तर ३.

सुरुवातीला प्रत्येकाकडे ५ नाणी असतात. 'कर्स्ड' तिसऱ्या जागी असेल आणि तुम्हाला चौथी जोडी हवी असेल, तर १ + १ + ३, म्हणजे पाचही नाणी गेली. तीच शक्ती रांगेत शेवटी असेल, तर तिचा कुणाला त्रास नाही. पण वरच्या जोड्या उचलल्या जातात तशी ती वर सरकते. ती सगळ्यात वर पोचली की दुसरं काहीही घ्यायला आधी ३ नाणी मोजावी लागतात, आणि तेवढी नसतील तर तीच पदरात घ्यावी लागते.

ओलांडणाऱ्यांची नाणी तिच्यावरच साठतात. दोघांनी टाळली की ६, तिघांनी टाळली की ९. नऊ नाणी म्हणजे नऊ प्रदेशांची एका खेपेची कमाई, आणि ती एकही टोकन न हलवता मिळते. त्यामुळे सहा नाणी साठली की आम्ही ती घ्यायलाच सांगू, विशेषतः सोबतचा वंश बरा असेल तर. तुमच्याकडे कुणीच घेत नसेल, तर घेणाऱ्याचं भलं होण्याची वेळ बहुधा कधीच येऊन गेलेली असते.

प्रश्न : कोबोल्डची पट्टी ११ टोकनांची आहे. एवढे असूनही ते हरतात. का?

कारण ते एकटे राहत नाहीत. एका प्रदेशात दोनपेक्षा कमी कोबोल्ड ठेवता येत नाहीत आणि दोनपेक्षा कमी टोकनांनी प्रदेश जिंकताही येत नाही.

पहिल्या खेपेला याचा काही तोटा जाणवत नाही. सोबत ४ टोकनांची शक्ती मिळाली तर १५ टोकन हातात येतात. मोकळ्या सपाट प्रदेशाला तशीही दोन लागतात, म्हणजे सात प्रदेश आणि वर एक शिल्लक. नेहमीचा वंश नऊ-दहा टोकनांत चार-पाचच प्रदेश घेतो. अडचण येते ती दुसऱ्या खेपेला. इतर वंश प्रत्येक ठिकाणी एक ठेवून बाकीची उचलतात आणि पुढे जातात. कोबोल्डची चौदा टोकनं जागच्या जागी अडकलेली असतात, आणि हातात असतं एक. काही प्रदेश सोडून दिले तरच पुढे सरकता येतं.

त्या उरलेल्या एका टोकनावर फाशाचा जुगार खेळू नका. फाशाच्या तीन बाजू कोऱ्या आणि बाकी तीन १, २, ३ आहेत. १ पडला तरी एकटा कोबोल्ड तिथे राहू शकत नाही. ते टोकन आधीच्या एखाद्या प्रदेशात तिसरं म्हणून ठेवा. शेजाऱ्याने तुमची एक जोडी हरवली की एक टोकन मरतं आणि दुसरं तुमच्याच दुसऱ्या प्रदेशात जातं. अशी दोन जादा टोकनं जमली की पुढच्या खेपेला एक नवी जोडी तयार होते.

कोबोल्ड बचावात मात्र चांगले. दोघे असलेला सपाट प्रदेश घ्यायला समोरच्याला ४ टोकन लागतात, एकट्यासाठी ३ पुरतात. तेव्हा त्यांना मधोमध घुसवून पसरवा, एक-दोन खेपा कमाई करा आणि लगेच डिक्लाइन करा, म्हणजे तो वंश सोडून पुढच्या खेपेला नवा घ्या. मरॉडिंगसोबत ते टाळा. त्या शक्तीत एका खेपेत दोनदा चढाई करता येते, पण दुसऱ्या चढाईसाठी उचलायला कोबोल्डकडे काहीच नसतं.

प्रश्न : 'वेअर' कधी घ्यावी?

सम खेपेला. २, ४, ६, ८, १० या खेपांना प्रत्येक प्रदेश दोन टोकन कमी लावून घेता येतो, पण किमान एक लागतंच. डोंगराचे तीन ऐवजी एक, डोंगरावर हरवलेली टोळी (सुरुवातीपासून पटावर असलेलं, कुणाचंही नसलेलं टोकन) असेल तर चार ऐवजी दोन. म्हणून डिक्लाइन विषम खेपेला जाहीर करा. ती खेप चढाईविना जाते आणि नवा वंश बरोबर सम खेपेला उतरतो. पाच जणांत आठ खेपा असतात, त्यामुळे आठव्या खेपेसाठी सातव्यात डिक्लाइन करणं क्वचितच परवडतं.

प्रश्न : 'रॅनसॅकिंग'चं नाणं पेढीतून घ्यायचं का?

नाही, ज्याचा प्रदेश घेतला त्याच्याकडूनच. प्रदेश चालू वंशाचाच हवा, डिक्लाइन झालेल्याचा चालत नाही. तुम्हाला एक वाढतं आणि त्याचं एक जातं, म्हणून दोघांतलं अंतर दोनने बदलतं. आघाडीवरच्या खेळाडूवर चालवा, मागे पडलेल्यावर नको.

प्रश्न : 'ग्रँड डेम्स' आणि 'बी नॉट अफ्रेड' ही आणखी दोन एक्सपान्शनंही सोबतच घालू का?

घालता येतील, पण 'कर्स्ड!'ची चव घ्यायची असेल तर नको. तिन्ही मिळून २४ वंश आणि ३२ शक्ती होतात. फक्त 'कर्स्ड!' असताना सुरुवातीच्या सहा जोड्यांत 'कर्स्ड' शक्तीचा बिल्ला दिसण्याची शक्यता २५त ६, म्हणजे २४ टक्के असते. सगळं मिसळलं की ती १९ टक्क्यांच्या आत येते. शिवाय गॉब्लिनसारख्या वंशाला योग्य वेळ लागते. डिक्लाइन झालेल्या वंशाचा प्रदेश ते एक टोकन कमी लावून घेतात, आणि पहिल्या खेपांना असे प्रदेशच नसतात. ते केव्हा घ्यायचे हे अंगात मुरेपर्यंत एकच एक्सपान्शन लावून खेळा.