भाषाविज्ञानाला जायचंय, पण डिग्री भलत्याच विषयाची आहे

भाषाविज्ञानात पुढे शिकायचं असेल तर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर पत्रांचा ढीगच आला, आणि गंमत म्हणजे त्यात भाषाविज्ञानात बीए केलेलं एकही माणूस नाही. कुणी इंजिनिअर, कुणी साहित्यवाले, कुणी संस्कृतवाले, एक स्पीच थेरपिस्ट. सगळ्यांचा सूर एकच, माझं बॅकग्राउंड चालेल ना? सगळी पत्रं इथे मावणार नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, सध्या नोकरी करतोय. भाषाविज्ञानात पीएचडी करायची आहे. परत बीएपासून सुरुवात करावी लागेल का? आणि अर्जात इंजिनिअरिंगचा विषय काढू की टाळू?

परत बीए? अजिबात नको. अमेरिकेतले बरेच विभाग बॅचलर्सनंतर थेट पीएचडीला घेतात आणि डिग्री भाषाविज्ञानाचीच हवी अशी अट बहुतेक ठिकाणी नसते. दुसरीकडून येणारे लोक तर या विषयाला कायमच मिळत आलेत. विल्यम लबॉव्ह दहाएक वर्षं शाई बनवण्याच्या धंद्यात केमिस्ट होता, मग कोलंबियाला शिकायला गेला, आणि मार्थाज व्हिनयार्ड बेटावरच्या लोकांच्या उच्चारांवर त्याने एमएला जे काम केलं ते १९६३ मध्ये छापून आलं, आज समाजभाषाविज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाला ते वाचावंच लागतं. बार्बरा पार्टी गणितातून आली, १९६१ साली एमआयटीत दाखल झाली, १९६५ ला पीएचडी, आणि फॉर्मल सिमँटिक्स (वाक्यांचा अर्थ गणिती पद्धतीने मांडणारी शाखा) उभं करण्यात तिचा केवढा वाटा. भाषेचा विचारांवर परिणाम होतो म्हणणारा व्हॉर्फ तर केमिकल इंजिनिअर, आयुष्यभर आगीच्या विमा कंपनीत नोकरी केली.

पण ही नावं एसओपीत (अर्जासोबतच्या 'मला हे का शिकायचंय' या निवेदनात) घालू नका हं, प्रवेश ठरवणाऱ्या कमिटीला ती पाठ आहेत. कमिटीला एवढंच बघायचं असतं की या माणसाला भाषाविज्ञान म्हणजे काय ते माहितीये का, की पहिल्या सेमिस्टरला फोनॉलॉजीचे, म्हणजे भाषेतल्या ध्वनींच्या नियमांचे, प्रॉब्लेम सेट बघून हा पळणार. आणि हे तुम्ही नुसतं सांगून कुणाला पटत नाही, काहीतरी करून दाखवावं लागतं.

मेकॅनिकलवाल्यांचं तर यात भाग्यच आहे. तुम्ही व्हायब्रेशन शिकलात, रेझोनन्स शिकलात, फूरिए ट्रान्सफॉर्म तुम्हाला नवीन नाही. स्वर म्हणजे घशा-तोंडाच्या नळीतला रेझोनन्सच की. प्रात नावाचं सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅमच्या बोर्स्मा आणि वेनिंक या दोघांनी बनवलेलं, फुकट मिळतं. ते उतरवून घ्या, पाच-सहा मराठी बोलणाऱ्यांकडून काल-काळ, माल-माळ, बाल-बाळ अशा जोड्या वाक्यात घालून म्हणवून घ्या, एकदा सावकाश आणि एकदा भरभर. मूर्धन्य (ट, ड, ळ सारख्या, जीभ मागे वळवून काढलेल्या) आवाजांच्या आसपास तिसरा फॉर्मंट, म्हणजे त्या नळीच्या रेझोनन्सची तिसरी फ्रीक्वेन्सी, साधारणपणे खाली येतो, मग ळ च्या अलीकडच्या स्वरात तो दिसतोय का, भरभर बोलताना फरक पुसट होतो का, सगळ्यांचा सारखाच होतो का, हे मोजा आणि दहा पानांत लिहून काढा. एवढं केलं की इंजिनिअरिंगचा विषय टाळायचा प्रश्नच उरत नाही, तो आपोआप अर्जाच्या मधोमध येऊन बसतो.

सोबत एक-दोन कोर्स मात्र खरंच करा, नुसते व्हिडिओ बघून भागत नाही. कुठल्यातरी विद्यापीठात फोनॉलॉजी नाहीतर सिंटॅक्सचा (वाक्यरचनेचा) एक तरी मार्क मिळणारा कोर्स करता आला तर सोन्याहून पिवळं. उन्हाळी शाळाही आहेत, लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ अमेरिकाचं इन्स्टिट्यूट एक वर्षाआड भरतं (पहिलं १९२८ साली झालं होतं!) आणि युरोपात लॉजिक आणि भाषा यांची एस्ली म्हणून शाळा दर उन्हाळ्यात असते.

आता मास्टर्स की थेट पीएचडी, तर हे देशावर आहे. युरोपात पीएचडीला बहुतेक ठिकाणी मास्टर्स लागतंच, आणि पीएचडीच्या जागा पुष्कळदा नोकरीसारख्या जाहिरातीने निघतात. ब्रिटनमध्ये मास्टर्स सहसा एका वर्षाचं आणि पीएचडीच्या अर्जाला संशोधनाचा प्रस्ताव आधीच लिहून द्यावा लागतो, जे नवख्या माणसाला जड जातं. अमेरिकेत चांगल्या पीएचडीला साधारण पाच वर्षं फी माफ आणि वर स्टायपेंड, बदल्यात शिकवायचं काम, पण तिथलं मास्टर्स मात्र बहुतेकदा स्वतःच्या खिशातून. कॅनडात मास्टर्सलाही काही ठिकाणी पैसे मिळतात, ते जरूर बघा. माझं मत विचाराल तर फंडिंग नसलेली पीएचडीची ऑफर ही ऑफर समजूच नये.

प्रश्न: मी साहित्यात एमए केलंय. रायटिंग सँपल म्हणून कादंबरीवरचा माझा शोधनिबंध पाठवला तर चालेल का? प्राध्यापकांनी त्याचं खूप कौतुक केलं होतं.

चालेल म्हणजे अर्ज बाद नाही होणार, पण फायदाही नाही. साहित्यातून येणाऱ्यांचं घोडं नेमकं इथेच अडतं. तुमचं लिखाण बाकी सगळ्यांपेक्षा चांगलं असतं पण त्यात उदाहरणं क्रमांक घालून मांडलेली नसतात, एक दावा, त्याच्या विरोधात जाणारा पुरावा, मग दावा दुरुस्त करणं, हे नसतं. कमिटी पानं चाळताना तेच शोधत असते.

नवीन सँपल लिहा, फार मोठं लागत नाही, पंधरा पानंही खूप झाली. विषय शोधायला लांब कशाला जायचं, स्वतःच्या तोंडातली भाषा घ्या. हे बघा:

तू पत्र लिहिलंस. तू चिठ्ठी लिहिलीस. तू निबंध लिहिलास.

क्रियापद कुणाचं ऐकतंय? पत्र नपुंसकलिंगी म्हणून लिहिलं, चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून लिहिली, म्हणजे कर्माचं ऐकतंय. पण शेवटचा तो स कुणाचा? तो तर तू चा आहे, कारण त्याने पत्र लिहिलं म्हणताना तो स येत नाही, मी पत्र लिहिलं म्हणतानाही नाही, आणि तुम्ही म्हटलं की लिहिलंत असा त येतो. म्हणजे एकाच क्रियापदावर कर्माचाही शिक्का आणि कर्त्याचाही. आता कर्माला ला लावा: तू मुलीला पाहिलंस. मुलगी स्त्रीलिंगी, पण पाहिलीस नाही झालं, पाहिलंस झालं, म्हणजे ला आल्याबरोबर कर्माशी जुळणं बंद पडलं, पण स जागचा हलला नाही! मग हे दोन शिक्के वेगवेगळ्या वाटांनी येतात का? आणि त्याने मध्ये ने आहे, मी आणि तू ला ने लागतच नाही, त्याचा आणि या स चा काही संबंध आहे का? शिवाय काही जण तू पत्र लिहिलं असंच म्हणतात, स नाहीच, त्यांच्या बोलण्यात बाकी काय बदलतं?

यावर आधी काम झालेलं आहे, ते शोधा, वाचा, लिंगबझ या भाषाविज्ञानाच्या साइटवर पुष्कळ पेपर फुकट असतात आणि ग्लॉसा हे जर्नल सगळ्यांना खुलं आहे. आधीचं काम सापडलं म्हणून हिरमुसू नका, उलट तुमचा डेटा त्यात कुठे बसत नाही तेवढंच दाखवलंत तरी सँपल तयार. साहित्याच्या एमएने बारीक वाचायची सवय लावलेली असते, ती इथे चांगलीच कामाला येते.

प्रश्न: मला सात भाषा येतात आणि लहानपणापासून भाषांची प्रचंड आवड आहे. एवढं पुरेसं आहे का?

नाही. सात भाषा येणं मस्तच आहे, हेवा वाटतो, पण भाषा येणं आणि ती कशी चालते हे शोधणं यात फरक आहे आणि "लहानपणापासून आवड" हे वाक्य कमिटीने इतक्या वेळा वाचलेलं असतं की डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जातात. एक करून बघा, आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिंपियाड २००३ पासून जवळपास दरवर्षी होतं, त्याचे जुने प्रश्न नेटवर आहेत. कधी नावही न ऐकलेल्या भाषेतली दहा-बारा वाक्यं आणि त्यांचे अर्थ देतात, नियम तुम्ही काढायचे. त्यात जेवणाची वेळ टळून गेली आणि तुम्हाला कळलंच नाही, तर जरूर अर्ज करा, कंटाळा आला तर भाषांतर, दुभाषेपण, भाषा शिकवणं ही सुंदर कामं आहेत.

प्रश्न: मी कॉम्प्युटर सायन्सची विद्यार्थिनी. कम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्स आणि एनएलपी (कॉम्प्युटरकडून माणसाची भाषा हाताळून घेणं) एकच का? अर्ज कुठल्या विभागात करू?

पेपर एकाच ठिकाणी छापून येतात, पण प्रश्न वेगळे पडतात. समजा मराठी मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम करायचाय. कमळ म्हणताना म मधला अ ऐकू येतो, कमळाला म्हणताना तो गळतो, लिहिताना मात्र काहीच फरक दिसत नाही. हा अ बरोबर गाळणारं मॉडेल बनवणं आणि त्याची अचूकता वाढवणं यात मजा येत असेल तर कॉम्प्युटर सायन्सचा विभाग बघा. हा अ नेमका कधी गळतो आणि बोलणाऱ्याच्या डोक्यात तो नियम कसा असतो हे खुणावत असेल तर भाषाविज्ञान. दोन्ही आवडत असेल तर युरोपियन युनियनच्या एरास्मस योजनेतलं एलसीटी (भाषा आणि संवाद तंत्रज्ञान) म्हणून दोन वर्षांचं, दोन विद्यापीठांत मिळून करायचं मास्टर्स आहे, त्याचे प्रवेश सुरू आहेत का ते बघून ठेवा. आणि भाषाविज्ञानाच्या विभागात अर्ज करताना कोणकोणत्या प्रोग्रामिंग भाषा येतात याची जंत्री नको, कोड लिहून भाषेबद्दल काय कळलं ते लिहा.

प्रश्न: संस्कृत व्याकरण शिकलोय. पाश्चात्त्य विभागांना पाणिनीचं महत्त्व कळतं का?

चांगलंच कळतं. पॉल किपार्स्कीने १९७३ साली फोनॉलॉजीत एल्सव्हेअरचं तत्त्व मांडलं, खास नियम सामान्य नियमाला अडवतो असं, त्याचं मूळ थेट पाणिनीय परंपरेत आहे, उत्सर्ग-अपवाद तुम्ही शिकलाच असाल. म्हणून अर्जात पाणिनी किती थोर होता हे पटवत बसू नका. नियमांचा क्रम लावायची, कुठला नियम कुणाला बाधतो हे बघायची जी सवय तुम्हाला लागली आहे ती एखाद्या जिवंत बोलीच्या संधिनियमांवर चालवून दाखवा.

प्रश्न: स्पीच थेरपिस्ट आहे, मुलांबरोबर काम करते. वय ३८. उशीर झाला का?

वयाचा रकाना कमिटी बघत नाही, आणि लबॉव्हनेही तिशी ओलांडल्यावरच सुरुवात केली होती. तुम्ही मुलांचं बोलणं रोज ऐकता, बाकीचे अर्जदार ते पुस्तकात वाचतात. चाइल्डिस नावाचा मुलांच्या बोलण्याचा मोठा संग्रह आहे, १९८४ पासूनचा, तो उघडून तुम्हाला कामात दिसलेली एखादी गोष्ट तिथे दिसते का बघा आणि थोडं स्टॅटिस्टिक्स, थोडं आर (त्यासाठीची प्रोग्रामिंग भाषा) शिकून घ्या. पेशंटची माहिती मात्र परवानगीशिवाय अर्जात कुठेही नको, नाव काढून टाकलं तरी नको.

प्रश्न: तीन शिफारसपत्रं लागतात. माझे सगळे सर केमिस्ट्रीचे. काय करू?

दोन केमिस्ट्रीची चालतात, तिसरं भाषाविज्ञानातलं असावं, म्हणून वर कोर्स करा म्हटलं. आणि केमिस्ट्रीच्या सरांना नुसतं "पत्र द्या" म्हणून मोकळं होऊ नका, नाहीतर विद्यार्थी हुशार, नियमित आणि नम्र आहे असं तीन ओळींचं पत्र जातं आणि त्याने काही होत नाही. त्यांना तुमचं एसओपी द्या, सँपल द्या, प्रयोग फसल्यावर तुम्ही काय केलं होतं तो प्रसंग आठवून द्या. संशोधन जमेल का, हे केमिस्ट्रीवालाही छान सांगू शकतो. दीड-दोन महिने आधी विचारा.

प्रश्न: प्राध्यापकांना आधी ईमेल करावी का? आणि कधीपासून तयारी करावी?

अमेरिकेत निवड कमिटी करते, म्हणून ईमेल नाही केली तरी बिघडत नाही, ब्रिटन-युरोपात मात्र गाईड आधी हवा, तिथे करावीच लागते. करायची तर ताकाला जाऊन भांडं लपवू नका, पहिल्या दोन ओळींत सांगा की तुमचा अमुक पेपर वाचला, त्यातल्या अमुक उदाहरणासारखं माझ्या भाषेत वेगळंच घडतं, तुम्ही यंदा विद्यार्थी घेताय का. बास. आयुष्याची कहाणी नको, डिअर सर/मॅडम अशी शंभर जणांना गेलेली ईमेल तर नकोच नको.

अमेरिकेच्या तारखा बहुतेक डिसेंबर-जानेवारीत संपतात, म्हणून सँपल त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात लिहून झालेलं बरं. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच विभागांनी काढून टाकलीये पण सगळ्यांनी नाही, प्रत्येकाची साइट बघा. अर्जाची फी माफ करून मागता येते, अनेक विद्यापीठं देतात, लाजू नका. आणि फंडिंगसह ऑफर आली आणि "आठवड्यात कळवा" असा दबाव आला तर घाबरू नका, अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी १५ एप्रिलपर्यंत विद्यार्थ्याला विचार करायला वेळ द्यायचा असा करार केलेला आहे, आपलं विद्यापीठ त्या यादीत आहे का ते काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या साइटवर बघा आणि असेल तर सरळ त्याचा हवाला देऊन वेळ मागून घ्या.