बहुतेक संगणक अपडेट असूनही वर्म ऑफिसच्या नेटवर्कवर कसा पसरतो?

तुम्ही विचारले आहे की, ऑफिसातल्या एकाच संगणकात वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) शिरला, बाकी कोणी कुठलीही फाइल उघडली नाही, बहुतेक संगणकांवर विंडोजचे अपडेटही झालेले होते, तरी दुपारपर्यंत सगळे संगणक बाधित कसे झाले. लहान कार्यालयांची नेटवर्क सांभाळणे हे माझे काम आहे, आणि तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय येतो तो पासवर्डांचा.

शेजारचे संगणक शोधणे वर्मला अवघड नसते. आपला संगणक नुकताच कोणाकोणाशी बोलला, याची यादी विंडोज स्वतःच ठेवते, आणि ती अपुरी पडली तर आपल्या सबनेटमधला, म्हणजे ऑफिसच्या स्थानिक नेटवर्कच्या भागातला, प्रत्येक पत्ता तपासता येतो. साध्या ऑफिसात असे फार तर २५४ पत्ते असतात. प्रत्येक पत्त्यावर फाइल शेअरिंगचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट (संगणकात शिरणाऱ्या जोडणीचे दार) उघडे आहे का, एवढेच पाहायचे असते. एकाच सबनेटमधली ही देवघेव संगणकांना जोडणाऱ्या स्विच या पेटीतल्या पेटीतच होत असल्याने इंटरनेटच्या तोंडाशी बसवलेल्या फायरवॉलला तिचा पत्ताही लागत नाही. सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनला आतल्या दोन फ्लॅटमधली ये-जा दिसत नाही, तसेच हे.

पुढे आत शिरण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सर्वांच्या परिचयाचा आहे: सॉफ्टवेअरमधली त्रुटी. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या वर्मने विंडोजच्या जुन्या फाइल शेअरिंग पद्धतीतली त्रुटी वापरली. तिच्यावरचे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिलेले होते आणि ज्यांनी ते बसवले होते, त्यांच्या संगणकांत वॉनाक्रायला या वाटेने शिरता आले नाही.

दुसऱ्या मार्गाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तिथेच आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या ‘एम. ई. डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा वर्म पसरला. त्याच्याकडेही वॉनाक्रायचीच त्रुटी होती. पण त्याचबरोबर तो बाधित संगणकाच्या मेमरीत राहिलेली लॉगिनची नावे आणि पासवर्ड उचलत असे, त्यांच्या बळावर शेजारच्या संगणकाच्या ‘अॅडमिन$’ या छुप्या शेअरमध्ये स्वतःची प्रत ठेवत असे आणि पीएसएक्झेक किंवा डब्ल्यूएमआय या दुसऱ्या संगणकावर दुरून प्रोग्राम चालवणाऱ्या साधनांनी ती चालू करत असे. ही दोन्ही साधने सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर रोज वापरतात, त्यामुळे शेजारच्या संगणकाच्या दृष्टीने यात घुसखोरी अशी काही नव्हतीच: योग्य पासवर्ड घेऊन साहेब आले, त्यांनी फाइल ठेवली आणि चालवली. अशा वेळी अपडेट असूनही उपयोग होत नाही. एखाद्याच जुन्या संगणकातून सुरुवात झाली आणि त्यावर कधी ऑफिसच्या सगळ्या संगणकांवर अधिकार असलेल्या डोमेन अॅडमिनने लॉगिन केलेले असले, की पुढचे सगळे दरवाजे उघडेच. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीला यानंतर सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले, आणि आपल्याकडे न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाच्या टर्मिनलचे कामकाज कोलमडले.

आता तुमच्या ऑफिसकडे वळू. हार्डवेअरवाला दहा संगणक एकाच इमेजवरून (तयार विंडोजच्या हुबेहूब प्रतीवरून) बसवून देतो, तेव्हा ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ खात्याचा पासवर्डही दहाही ठिकाणी एकच राहतो, आणि पुढे वर्षानुवर्षे तो बदलत नाही. त्यात टॅलीचा डेटा फोल्डर ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सगळ्यांनाच, पूर्ण अधिकारांसह शेअर केलेला असतो. हे प्रकार मला जवळजवळ प्रत्येक नव्या ग्राहकाकडे दिसतात, आणि महागडा अँटीव्हायरस घेण्याआधी ते दुरुस्त करावेत असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी प्रत्येक संगणकाचा अॅडमिन पासवर्ड वेगळा हवा. डोमेन (सगळी खाती एका सर्व्हरवरून सांभाळण्याची सोय) असेल तर मायक्रोसॉफ्टचे लॅप्स हे साधन हे काम आपोआप करते, आणि नसेल तर एकदा बसून हाताने करावे लागते. कर्मचाऱ्यांची रोजची खाती साधीच ठेवावीत, त्यांना अॅडमिन अधिकार देऊ नयेत. दोन कर्मचाऱ्यांच्या संगणकांना एकमेकांच्या ४४५ पोर्टची सहसा गरजच नसते. फाइली सर्व्हरवर असतात. तेव्हा प्रत्येक संगणकावरच्या विंडोज फायरवॉलमध्ये त्या पोर्टावर बाहेरून येणारी जोडणी बंद केली, तर वर्मची बरीचशी वाट तिथेच संपते. प्रिंटर किंवा स्कॅनर एखाद्या संगणकावरून शेअर केलेला असल्यास तेवढा अपवाद ठेवावा.

सध्या तुमच्याकडे सफाई चालू असेल, तर बाधित संगणकांच्या नेटवर्क केबल आधी काढा आणि वायफायही बंद करा. सगळे संगणक साफ होईपर्यंत एकही परत जोडू नका. नवे पासवर्ड मात्र नव्याने विंडोज टाकलेल्या संगणकावरूनच ठरवा, कारण बाधित संगणकावर लॉगिन करून टाकलेला नवा पासवर्डही त्याच मेमरीत जाऊन बसतो.